घडी मोडलेली साडी : ऑनलाइन विक्री कंपन्यांच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन विक्रीचे प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापन
माहितीसाठी : ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी येवल्यात राहते. घरात दोन हातमाग आहेत. त्यांवर माझे सासरे आणि पती बसतात, सासूबाई कांड्या भरतात. या दोन मागांवरच्या आणि गल्लीतल्या आणखी नऊ विणकरांच्या साड्या मी गेली सात वर्षे आपल्यापैकी एका कंपनीच्या प्लॅटफॉर्मवरून विकते आहे. हे पत्र त्या एका कंपनीच्या ताज्या निर्णयामुळे लिहीत असले, तरी पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच असल्याने ते आपणा सर्वांना उद्देशून आहे, आणि ज्यांच्या नावाने हे निर्णय घेतले जातात त्या ग्राहकांनीही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात आम्हा विक्रेत्यांना सूचना आली की, सणांच्या हंगामात कपड्यांच्या परताव्याची मुदत सात दिवसांवरून चौदा दिवस करण्यात येत आहे, ग्राहकाला कारण विचारले जाणार नाही, आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च पूर्वीप्रमाणेच विक्रेत्याच्या हिशेबातून वळता केला जाईल. सूचनेखाली ‘मान्य आहे’ एवढे एकच बटण होते. घटस्थापनेला मागवलेली साडी दसरा उलटून गेल्यावरही विनासायास परत करता येईल, असा या मुदतीचा सरळ अर्थ होतो, आणि तो साडी विकणाऱ्या कोणालाही विचारला असता तरी कळला असता. आम्हाला कोणी विचारले नाही.

नवरात्रात महाराष्ट्रातल्या बायका नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसतात. शाळा, बँका, कचेऱ्या, लोकलचे डबे त्या त्या दिवसाच्या रंगाने भरून जातात, आणि त्या आठवड्यातल्या मागणीवर आमच्यासारख्यांचे पुढचे दोन महिने निघतात. गेल्या नवरात्रात मी एक जांभळी साडी पाठवली होती. ती गल्लीतल्या एका विणकराने हातमागावर विणलेली, रेशीम आणि सूत मिळून, नारळी काठाची, पदरावर मोर असलेली होती आणि तिची किंमत ६,२०० रुपये होती. सहाव्या दिवशी परताव्याची नोंद झाली आणि त्यानंतर चार दिवसांनी ती साडी घरी आली.

पाकीट मी ओट्यावर कापले. साडीची घडी मोडलेली होती. घडी मोडणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको, पण आपल्या कार्यालयात हे पत्र कोण वाचेल याची कल्पना नसल्याने सांगते : नवी साडी पहिल्यांदा नेसली की तिची घडी मोडते, आणि ती पुन्हा कितीही नीट घातली तरी मागावरून उतरलेल्या साडीची घडी ती होत नाही. खालच्या काठाला फॉल लावून उसवलेला होता. सुईची भोके ओळीने दिसत होती आणि एके ठिकाणी जांभळ्याऐवजी निळ्या दोऱ्याचा तुकडा राहून गेला होता. खांद्यावर जिथे पदर पिनेने लावतात, तिथे दोन धागे तुटले होते. निऱ्यांच्या भागात बोटभर हळद होती. सगळ्या साडीला अत्तराचा आणि पावडरीचा वास होता, आणि आम्ही काठात अडकवलेले लेबल नव्या टाचणीने पुन्हा टोचलेले होते. परताव्याचे कारण म्हणून ‘माप योग्य नाही’ असे नोंदवलेले होते. साडीला माप नसते.

मी नुकसानीचा दावा केला. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ जोडला, सोळा फोटो जोडले. दावा नामंजूर झाला, कारण व्हिडिओत काही क्षण पाकिटावरचा पत्ता चौकटीबाहेर गेला होता. फेरविचाराचा अर्ज केला, तेव्हा पहिलेच उत्तर शब्दशः पुन्हा आले. विणकराची मजुरी मी साडी मागावरून उतरली त्याच दिवशी दिलेली होती, आणि ती परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने त्याचे काम चोख केलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की विक्रेत्यांना परतावाच नको आहे. तसे मुळीच नाही, आणि हे मला पुरेशा विस्ताराने सांगायचे आहे. माल परत घेण्याचा हक्क ग्राहकाला फार उशिरा आणि फार मुश्किलीने मिळालेला आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष, बनावट, जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळा, किंवा अपरिहार्य कारण नसताना सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचलेला माल परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले. यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून एक साडी गेली, तिच्या पदरात दोन बुट्ट्यांच्या मध्ये बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटलेला होता आणि ते माझ्या नजरेतून निसटले होते. अकोल्याच्या त्या ताईंनी फोटो पाठवला त्याच दिवशी मी दुसरी साडी रवाना केली. फोनच्या पडद्यावर दिसणारा रंग आणि हातात आलेला रंग यांत फरक पडतो, आणि त्या फरकासाठी कोणी न नेसलेली साडी परत केली, तरी माझी तक्रार नसते. वस्तू हातात न घेता पैसे देणाऱ्या माणसाला तेवढा आधार हवाच.

मात्र निर्दोष साडी नेसून, मिरवून, फॉल उसवून परत करण्याची सोय या कायद्यात कुठेही नाही. ती आपण दिलेली आहे, आणि ती देताना खर्च कोणाचा होतो हा या पत्राचा विषय आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे असे आम्ही मराठीत म्हणतो. ‘नेसून पाहा, नाही आवडली तर परत करा’ ही जाहिरात आपल्या नावाने होते आणि ग्राहकाचे आशीर्वाद आपल्याला मिळतात. जातानाची वाहतूक, येतानाची वाहतूक, खोका, आणि विकण्याजोगी न उरलेली साडी एवढे सगळे येवल्यातल्या एका घराच्या खात्यावर लिहिले जाते.

औदार्य स्वतःच्या खिशातून करणारे लोकही व्यापारात होऊन गेले आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात एल. एल. बीन नावाच्या माणसाने १९१२ मध्ये शिकारीचे बूट विकायला सुरुवात केली. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद जोड शिवण सुटल्यामुळे परत आले, आणि त्याने सगळ्यांचे पैसे परत केले. माल कधीही परत घेण्याचे ते वचन त्या कंपनीने शंभरहून अधिक वर्षे पाळले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिला ती मुदत एका वर्षावर आणावी लागली, कारण वर्षानुवर्षे वापरून झिजवलेल्या वस्तू, आणि जुन्या बाजारातून उचललेल्याही, लोक पैसे परत मागण्यासाठी आणू लागले होते. हे करणारे ग्राहक थोडे आहेत, पण वाढत आहेत, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. त्या कंपनीला निदान आपले नुकसान समोर दिसत होते, म्हणून तिने शंभर वर्षांचा नियम बदलला. आपल्याला ते दिसत नाही, कारण ते आपल्या ताळेबंदात येतच नाही; त्यामुळे गैरवापर वाढत असताना मुदत कमी होण्याऐवजी दुप्पट होते.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार पुराव्याची आहे. ग्राहकाला एका यादीतून एका कारणावर बोट ठेवले की पुरते. विक्रेत्याने मात्र परत आलेल्या प्रत्येक पाकिटाचा अखंड व्हिडिओ काढायचा, पत्ता, शिक्का, आतली वस्तू हे सगळे एका दमात दिसले पाहिजे, आणि ठरावीक दिवसांत दावा करायचा. आमच्या घरी सासूबाई मोबाइल धरतात आणि मी पाकीट कापते. त्यांचा हात थरथरला की आमचा दावा जातो. एकदा पाकिटातून आमच्या साडीऐवजी काठ फाटलेली जुनी नायलॉनची साडी निघाली. ती आमची नाही हे सिद्ध करायला मला पाच आठवडे लागले आणि तरीही पूर्ण रक्कम मिळाली नाही.

दुसरी तक्रार आमच्या मानांकनाची. साडी परत आली की विक्रेत्याच्या परताव्याचे प्रमाण वाढते, ते वाढले की आमच्या साड्या शोधयादीत खाली जातात. म्हणजे कोणीतरी साडी वापरून परत करते आणि त्याची शिक्षा म्हणून पुढच्या ग्राहकाला आमची साडी दिसतच नाही. या मोजणीत सदोष मालामुळे आलेला परतावा आणि सण साजरा करून आलेला परतावा यांत काही फरक केला जात नाही.

तिसरी गोष्ट संक्रांतीची. काळी साडी आमच्याकडे संक्रांतीला नेसतात आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. एरवी सणासमारंभाला काळा रंग टाळणारी घरे अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत आलेली काळी साडी पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटात पडून राहते, आणि तिच्यात अडकलेले पैसेही. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौदा काळ्या साड्या पाठवल्या, त्यांतल्या पाच परत आल्या. त्या पाचांपैकी तीन साड्यांच्या घड्यांत तिळाचे दाणे निघाले. गेल्या संक्रांतीला मी काळ्या साड्या विणायला सांगितल्याच नाहीत.

हातमागाचे नुकसान याच वाटेने होते, आणि ते सर्वांत गंभीर आहे. यंत्रमागावरची साडी परत आली तर व्यापारी ती धुऊन, इस्त्री करून पुढच्या गठ्ठ्यात ढकलू शकतो, कारण त्याचा हिशेब शेकड्याने चालतो. पैठणीच्या पदरावरची नक्षी विणकर रंगीत धागे हाताने गुंतवत भरतो, त्यामुळे ती उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच दिसते. अशी साडी मागावरून उतरायला काही आठवडे लागतात, पदर भरगच्च असेल तर काही महिने. अशी एक साडी डाग पडून आली तर तिची भरपाई करायला मागे गठ्ठा नसतो. म्हणून विक्रेता आधी भारी साडी ऑनलाइन ठेवणे बंद करतो, मग हातमागाचीच साडी बंद करतो, आणि ग्राहकाला ‘पैठणी’ या नावाखाली यंत्रावरचे कापडच दिसत राहते. मी स्वतः या रस्त्याने अर्धे अंतर चालून गेले आहे, हे सांगताना मला वाईट वाटते. आमच्या नऊ विणकरांपैकी दोघांना मी गेल्या वर्षी काम देऊ शकले नाही.

प्रामाणिक ग्राहकाचेही यात भले नाही. परताव्याचा सगळा खर्च मला कुठून तरी काढावाच लागतो, आणि तो मी प्रत्येक साडीच्या किमतीत चढवते. जी बाई साडी एकदाच घेते, जपून नेसते आणि लेकीला देते, ती दुसरीच्या फुकटच्या नऊ रंगांचे पैसे भरत असते.

(घेण्याआधीच दारातून परत पाठवलेली रोखीची पार्सले हा वेगळा आणि तितकाच जड विषय आहे, त्यात आज शिरत नाही.)

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मुदतवाढ करण्यापूर्वी विक्रेत्याला होकार किंवा नकार देण्याचा खरा पर्याय द्या. केवळ मन बदलले म्हणून माल परत करण्याची मुदत प्रत्येक विक्रेत्याला आपल्या मालाप्रमाणे ठरवू द्या आणि ती खरेदीच्या पानावर, पैसे भरण्याआधी, ठळक अक्षरांत दाखवा. साडीसाठी तीन दिवस पुरेत. दोष, फसवणूक किंवा चुकीचा माल यांसाठी कायद्याने दिलेली मुदत जशीच्या तशी राहू द्या.

काढल्यावर पुन्हा लावता येणार नाही असे सील साडीच्या दर्शनी भागी लावण्याची पद्धत मान्य करा. सील तुटले असेल तर दोषाखेरीज दुसऱ्या कारणाने परतावा नको. परतीचे पार्सल घ्यायला येणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर आम्ही पाठवलेल्या साडीचे फोटो असावेत, त्याने पाकीट ग्राहकासमोर उघडून पाहावे, आणि जे दिसले ते तिथेच नोंदवावे. महागडे मोबाइल पोहोचवताना खोका ग्राहकासमोर उघडून दाखवण्याची व्यवस्था आपल्यापैकी काहींनी केलेलीच आहे. तीच परतीच्या वाटेवर करायची आहे. या मुलांवर एका दिवसात किती पार्सलांचा बोजा असतो ते मी पाहते, त्यामुळे या कामाचे पैसे त्यांना वेगळे मिळावेत हेही मागणीतच धरा.

कारण न विचारता पैसे परत देणे आपल्या व्यवसायाला आवश्यक वाटत असेल, तर अवश्य द्या, पण आपल्या पैशांतून. त्या परताव्याची दोन्ही वेळची वाहतूक आणि वस्तूची घटलेली किंमत आपण सोसावी. अन्यथा ती वापरणाऱ्याकडून घ्यावी. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात घरबसल्या केलेल्या खरेदीला चौदा दिवसांचीच मुदत आहे, पण दुकानात पाहावी तितकी वस्तू पाहण्यापलीकडे ती वापरली, तर घटलेल्या किमतीची जबाबदारी ग्राहकावर येते. चौदा दिवस आपण घेतलेत, तर त्यासोबतचे हे कलमही घ्या.

एखाद्या खात्यावरून किती साड्या मागवल्या गेल्या आणि किती नेसून परत आल्या, हे आपल्याला फोन क्रमांक आणि पत्ता यांवरून माहीत असते. वारंवार असे करणाऱ्या खात्याला आधी समज द्या, नंतर परतीचे शुल्क लावा, आणि तरीही थांबले नाही तर फुकट परताव्याची सोय काढून घ्या. प्रत्येक पायरीवर त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि खऱ्या दोषाची तक्रार करणाऱ्याच्या नावापुढे कधीही खूण होता कामा नये. गुपचूप खाती बंद करणे मला मान्य नाही. आज आम्हाला जी वागणूक मिळते, ती उद्या ग्राहकाला मिळावी अशी माझी इच्छा नाही. सिद्ध झालेला गैरवापर विक्रेत्याच्या मानांकनातून वगळा.

ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यायची असते आणि तिचा निकाल एका महिन्यात लावायचा असतो. विक्रेत्याच्या दाव्यालाही हीच मुदत लावा, आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहून, माणसाच्या नावाने द्या. ग्राहक व्यवहार विभागाला विनंती की, स्वामित्वहक्क, व्यापारचिन्ह आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली हटवलेला माल पुन्हा पुन्हा विकायला ठेवणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवण्यास हे नियम कंपन्यांना सांगतात, त्याच नियमांत परताव्याचा वारंवार गैरवापर आणि विक्रेत्यांच्या दाव्यांचे निवारण या दोन्हींसाठी तरतूद करावी.

ज्या ग्राहकांनी असे केले आहे, त्यांनाही दोन वाक्ये लिहिते. नेसून परत करण्याच्या युक्त्या शिकवणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत, आणि समोर मोठी कंपनी आहे, तिचे काय जाते, असे त्यांत सांगितले जाते. कंपनीचे काही जात नाही हे खरे आहे. येवल्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात गादीवर बसून आपण साडी घेतली असती, दुकानदाराने पंचवीस साड्या उलगडून दाखवल्या असत्या आणि ‘पसंत पडली नाही तर घडी न मोडता बदलून न्या’ असे म्हटले असते, तर हळद लागलेली साडी घेऊन त्याच गादीसमोर आपण पुन्हा उभ्या राहिला असता का, एवढाच विचार करा. पाकिटाच्या दुसऱ्या टोकाला तीच गादी आहे, फक्त आपल्याला ती दिसत नाही.

सुधारणा होईपर्यंत मी हातमागाच्या सगळ्या साड्या आपल्या प्लॅटफॉर्मवरून काढून घेतल्या आहेत. ‘मान्य आहे’ हे बटण मी दाबलेले नाही, आणि त्यामुळे माझे खाते बंद होणार असेल तर तसे मला लेखी कळवावे. ती जांभळी साडी मी न धुता, पांढऱ्या कापडात, बिल आणि परताव्याच्या पावतीसह ठेवली आहे. आपल्यापैकी कोणी येवल्यात आले, तर उजेडात काठ धरून मी त्यांना भोके दाखवीन.

आपली,
येवल्यातील एक साडीविक्रेती